पालथं पडून बघायचं फूल

परवा सकाळी नातसुनेनं अशी काही बोंब ठोकली की शेजारच्या वस्तीवरची माणसं हातातलं काम टाकून पळत आली. "आजी पडल्या" एवढंच ती म्हणत होती. आणि मी आपली बांधावर पालथी, हनुवटी मुरमाला टेकवून, निवांत. मला उठवायला चार हात आले. त्यातला एक नेमका बगलेत गेला आणि गुदगुल्या होऊन मी हसायला लागले. म्हातारी पडते आणि वर हसते, म्हणजे डोक्यालाच मार लागला असणार, असं ठरवून एकानं जीप काढायची भाषा सुरू केली. अरे बाबांनो, मी पडले नव्हते. मी फूल बघत होते. ते असंच बघायचं असतं.

नातसून नवी आहे, दिवाळीनंतर या घरात आलीय, तिला ठाऊक नसणारच. तिला तिथंच बसवून सगळं सांगायला घेतलं, पण तव्यावर तिची भाकरी करपत होती. ती गेली. मग म्हटलं लिहूनच ठेवावं. भाकरी झाल्यावर वाचील.

थंडी पडली की मला हे असं होतं. आमच्या तिसगावकडची थंडी कोरडी. ओठ फुटतात, टाचा फुटतात, तुपाचं बोट फिरवल्याशिवाय हसता येत नाही. पहाटे हरभऱ्याच्या शेतावर धडुतं पसरायचं, दवात भिजलं की पिळून आंब काढायची. ती जिभेला लागली की डोळे आपोआप मिटतात. तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडताना घरभर जो वास सुटतो तो मला आजही शाळेतल्या पोरीसारखा चुलीकडे ओढतो. लोकांना पावसाळा आवडतो. आवडो. आमच्याकडे पाऊस येतो पाहुण्यासारखा आणि जातो जावयासारखा रुसून. थंडी मात्र बिचारी दरवर्षी वेळेवर येते. मला तरी जे काही मिळालं ते थंडीतच मिळालं.

साल चव्वेचाळीस. मी एकोणीस वर्षांची, नगरच्या शाळेत फायनलपर्यंत शिकलेली आणि इथं लग्न होऊन दीड वर्ष झालेली. हे पलटणीत होते. हे म्हणजे आमचे मालक. नाव घ्यायची तेव्हा पद्धत नव्हती आणि आता सवय नाही. लग्नासाठी त्यांना वीस दिवसांची रजा मिळाली होती. जाण्यायेण्यात नऊ गेले, उरले अकरा. अकरा दिवस घर पाहुण्यांनी भरलेलं. आमचं एकमेकांशी बोलणं म्हणजे "पाणी देऊ का" आणि "दे". चर्चमध्ये, उपासनेत लग्न लागलं तेव्हा माझी मान खाली, पदर कपाळावर. पाळकसाहेबांनी विचारलं त्याला मी "होय" म्हणाले ते यांच्या बुटांकडे बघून. रजा संपली आणि हे सडकेनं निघाले तेव्हा मी दारात उभी होते. मला पाठ दिसत होती आणि मानेवर उजवीकडे एक तीळ. तेवढा पक्का लक्षात राहिला.

चेहरा राहिला नाही. हे मी तेव्हा कुणापाशी बोलले नाही, कसं बोलणार? नवऱ्याचा चेहरा आठवत नाही म्हणणारी बाई मी तरी पाहिली नव्हती. फोटो नव्हता. रात्री डोळे मिटून मी कपाळ आठवायची, मग नाक, आणि नाकापर्यंत येईस्तोवर कपाळ पुसलेलं असायचं. शेवटी तीळच उरायचा.

पत्रं यायची ती माझ्या सासऱ्यांच्या नावानं. सासऱ्यांना मी मामा म्हणायची. मामा मिशनच्या शाळेत मास्तर होते, निवृत्त होऊन दोन एकर विहिरीचं रान बघत होते, पण सगळं गाव त्यांना अजून मास्तरच म्हणायचं आणि तेही कोंबड्यांशीसुद्धा शुद्ध बोलायचे. पत्राच्या शेवटी एक ओळ असायची, "घरात सर्वांस सलाम." त्या सर्वांत मी. सासूबाई, म्हशीकडे बघायला ठेवलेला गडी आणि मी, आम्ही तो सलाम वाटून घ्यायचो.

आणि त्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला एक जाड पाकीट आलं, त्यावर माझं नाव. मामांनी ते दोन्ही हातांनी माझ्याकडे दिलं. पाकीट आधीच उघडून पुन्हा चिकटवलेलं होतं, लढाईच्या दिवसांत सगळीच पत्रं तशी यायची. सरकारनं वाचलं होतं, पण मामांनी नाही. ते उगाच विहिरीकडे निघून गेले, आणि सासूबाई माझ्या इतक्या जवळ बसल्या की मला पत्र मोठ्यानं वाचावंच लागलं.

हे इटलीत होते, डोंगरात. एका गावात पलटण थोडे दिवस थांबली होती. तिथं एक म्हातारी होती, तिला हे झऱ्यावरून पाणी आणून द्यायचे. तिच्या घरामागं दगडांची एक ताल, म्हणजे रचलेला बांध, होती आणि त्या दगडांच्या फटींतून एक बुटकं फूल यायचं. बोटभर उंच, गुलाबी, पाच पाकळ्यांचं, पाकळ्यांच्या कडा कात्रीनं कातरल्यासारख्या. वास लवंगेचा. पानं गवतासारखी बारीक. म्हातारीनं सांगितलं होतं, म्हणजे हातांनी खुणा करून सांगितलं होतं, की हे झाड मरत नाही. बर्फाखाली झोपतं, बर्फ गेला की उठतं, वर्षानुवर्षं. तिनं निघताना चिमूटभर बी दिलं. सिगारेटच्या चांदीच्या कागदात बांधून ते यांनी मला पाठवलं होतं. खत घालू नकोस, पाणी बेतानं, दगडात लाव, थंडी लागू दे. आणि मग शेवटची ओळ: "तू लाव. मी आलो की मला दाखव."

एवढंच. पण दीड वर्षात ते पहिल्यांदा माझ्याशी बोलले होते. काहीतरी मागितलं होतं, आणि ते माझ्याकडेच मागितलं होतं. ते लढाईतून परत येणार की नाही हे माझ्या हातात नव्हतं. ते माझ्याकडे बघतील तेव्हा ओळखतील की नाही, तेही नाही. हे चिमूटभर बी मात्र हातात होतं. ते उगवलं पाहिजे, एवढं एकच मला त्या हिवाळ्यात हवं होतं. वेड म्हणा.

आता सासूबाईंचं सांगते. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. त्यांचं माहेर नेवाश्याचं, प्रवरेकाठचं, काळ्या रानातलं. बियाण्याच्या बाबतीत त्या मामांचंही ऐकायच्या नाहीत. चांदीचा कागद बघून त्यांनी नाक मुरडलं. "कागदात बी गुदमारतंय," म्हणाल्या. बी राहतं ते राखेत, धुतलेल्या फडक्याच्या पुरचुंडीत. त्यांच्या आईनं तसं ठेवलं, आजीनं तसं ठेवलं. झालं. इटलीचं बी गोवऱ्यांच्या राखेत घोळलं गेलं, पुरचुंडी बांधली आणि कोनाड्यात ठेवली. तिथं शेजारी आत्याबाईंची आणखी एक पुरचुंडी होती. माहेरून आणलेलं पांढऱ्या कांद्याचं बी, तेही चिमूटभरच, औषधाला म्हणून. दोन्ही बिया काळ्या. दोन्ही राखेनं करड्या झालेल्या. आणि दोन्ही फडकी एकाच जुन्या धोतराची. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. मला कळायला नाताळ उजाडला.

मामांनी या कामात जे लक्ष घातलं ते बघण्यासारखं होतं. बर्फ कुठून आणायचा हा त्यांच्यापुढचा प्रश्न. दोन दिवस विचार करून ते स्वयंपाकघरात आले आणि रांजणाखाली हात घालून म्हणाले, "घरातली सर्वांत थंड जागा ही." खरंच होतं. रांजण पाझरायचा, खालची वाळू कायम ओली, पहाटे तिथं हात ठेवला तर बोटं बधिर व्हायची. एका फुटक्या डेऱ्याचं बूड घेतलं, त्यात डोंगरातून आणलेला मुरूम आणि ओढ्यातले खडे भरले, कोनाड्यातून पुरचुंडी काढून बी पेरलं आणि ते बूड रांजणाखाली वाळूत बसवलं. सतरा दिवस ते तिथं. पाणी प्यायला आलेल्या प्रत्येकाला मामा थांबवून सांगायचे की इथं सध्या इटलीचा हिवाळा चालू आहे. पाणी प्यायला आलेला माणूस रांजणाला हात जोडून जायचा.

दुसरी पुरचुंडी आत्याबाईंनी कांद्याच्या वाफ्याच्या कोपऱ्यात टाकली. लाल कांद्याचं रोप तिथं आधीच होतं. या चिमटीभर पांढऱ्याला त्यांनी शेणखताची खास मूठ दिली.

सतरा दिवसांनी बूड उन्हात आणलं आणि पाचव्या दिवशी उगवलं. हिरवं, बारीक, गवतासारखं, अगदी पत्रात लिहिलं होतं तसं. मी त्या दिवशी भाकरीत मीठ घातलं नाही आणि कुणी काही बोललं नाही. संध्याकाळी यांना पत्र लिहिलं. आयुष्यातलं पहिलं. सुरुवात कशी करावी कळेना, म्हणून एकदम फुलापासूनच केली: उगवलं. आठवड्यानं दुसरं लिहिलं, बोटभर झालं. मग तिसरं. मी त्या रोपांचं इतकं लिहिलं की बाकी घरादाराचं लिहायला जागा उरेना. लोक बघायला यायचे. नाताळच्या उपासनेनंतर पाळकसाहेब स्वतः आले, त्यांनी त्या बुडावर हात धरून प्रार्थना केली, आम्ही सगळ्यांनी आमेन म्हटलं, आणि मग करंज्या खाल्ल्या.

त्याच दुपारी मला वाटलं, यांना एक पात पाठवावी. कागदात दाबून. मी टोक खुडलं, आणि खुडलेल्या बोटांचा सहज वास घेतला.

कांदा.

मी दुसरी पात खुडली. कांदा. तिसरी खुडायची हिंमत झाली नाही. पाळकसाहेब अजून ओसरीवर बसलेले होते, मामा त्यांना बर्फाबद्दल सांगत होते. मी बोटं पदराला पुसली आणि आत जाऊन करंज्यांचं ताट पुन्हा भरून आणलं.

दोन दिवस मी त्या कांद्याला रोजच्यासारखं पाणी घातलं. रडूही येईना, कारण कुणी विचारलं तर काय सांगणार? मुलगी कांद्यासाठी रडते? शेवटी आत्याबाईंनीच मला गोठ्यात गाठलं आणि म्हणाल्या, "कळलं न्हवं?" मी मान हलवली. त्यांना पंधरा दिवसांपूर्वीच कळलं होतं. कांद्याची पात ओळखायला त्यांना वासाचीही गरज नव्हती. मग बोलल्या का नाही? त्या शेणाची पाटी उचलता उचलता म्हणाल्या, "तू रोज उठून त्याच्याकडं बघून हसायचीस. म्या कशाला मोडू?"

मग आम्ही दोघी वाफ्याकडे पळालो. खरं बी त्या कोपऱ्यात. पण तो कोपरा तीन आठवड्यांपूर्वीच खुरपून झाला होता, आणि खुरपला होता आत्याबाईंनीच. कांद्याचं नसलेलं असं काहीतरी निळसर, बारीक, उगवलेलं त्यांना आठवत होतं. तण म्हणून ढेकळांसकट उपटून त्यांनी ते बांधावर भिरकावलं होतं. बांधावर तणाचा ढीग वाळून खडंग झालेला. आम्ही दोघींनी तो काडीकाडीनं चाळला. त्यात काही नव्हतं. आत्याबाई उभ्या राहिल्या आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या, आणि मला माझ्यापेक्षा त्यांचंच वाईट वाटलं.

मामांना सांगणं सगळ्यात अवघड. त्यांनी एक पात तोडली, हुंगली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा हुंगली. मग म्हणाले, "निरीक्षण कमी पडलं," आणि दोन दिवस रांजणावर पाणी प्यायला गेले नाहीत. गड्याकडून मागवून प्यायले.

आता प्रश्न पत्राचा. मी यांना तीन पत्रांतून फूल वाढवून दाखवलं होतं. आणखी वाढवता आलं असतं. फुलवता आलं असतं. इटलीहून कोण बघायला येणार होतं? खरं सांगते, एक पत्र मी तसं लिहिलंही, कळ्या आल्या म्हणून. ते माझ्या उशीखाली तीन दिवस होतं. पण मग मनात येई, हे आले, आणि म्हणाले दाखव, तर काय दाखवू? ज्या माणसाचा चेहरा आठवत नाही त्याच्याशी पहिलीच ओळख खोट्यानं करायची? आत्याबाईंना वाचता येत नव्हतं, पण उशी झटकताना कागद त्यांच्या हाती आला आणि त्यांनी माझं तोंड वाचलं. म्हणाल्या, "कांदा निघाला म्हनून लिव्ह. हसंल तरी पोरगं."

मी लिहिलं. सगळं लिहिलं. राख, पुरचुंडी, रांजणाखालचा इटलीचा हिवाळा, पाळकसाहेबांची प्रार्थना, माझी बोटं. शेवटी लिहिलं की तुम्ही एकच गोष्ट सांगितली होती आणि ती माझ्याकडून झाली नाही.

आणि मग पत्र येईना. पौष गेला. माघ गेला. रानात हुरडा संपला, ज्वारी काढणीला आली. एरवी महिन्या-दीड महिन्यानं येणारा सलामही आला नाही. हे रागावले असतील, असं मी मनाशी म्हणायची. त्यांनी रागवावं, खूप रागवावं, अशी मी प्रार्थना करायची. कारण रागावायला माणूस असावा लागतो. मामा टपालाच्या वेळेला सडकेवर जाऊन उभे राहायचे आणि परत येऊन कांद्याला पाणी द्यायचे.

फाल्गुनात एका सकाळी आत्याबाईंनी मला बांधावरून हाक मारली. बांधाच्या उत्तरेच्या अंगाला, जिथं ऊन कमी आणि नुसता मुरूम नि दगड, तिथं त्या बसल्या होत्या. त्यांच्या पुढ्यात निळसर हिरव्या रंगाचे पाच छोटे झुपके, दगडांच्या फटींत बोटभर रुतून बसलेले. त्या दिवशी ढीग चाळला होता तो वरचा. भिरकावलेल्यातलं काही पलीकडे घरंगळलं होतं, ते आम्ही बघितलंच नव्हतं. खताच्या वाफ्यातून उपटून दगडांत फेकल्यावरच त्यांना बरं वाटलं असावं. मी पटकन टोक खुडून हुंगलं. कांदा नव्हता. गवतही नव्हतं. मी आत्याबाईंकडे बघितलं. त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "आता कुनाला सांगू नगंस. फूल येईस्तवर गप."

ही आमची हलकी जमीन. मुरमाड, खडकाळ, पाणी न धरणारी. आम्ही सगळ्यांनी जन्मभर तिला नावं ठेवली. नेवाश्याच्या काळ्या रानातून आलेल्या आत्याबाईंनी तर जास्तच. हितं दगड पिकतात, म्हणायच्या. आणि त्याच दगडांत कुठल्याशा मुलखातलं ते बी सुखानं नांदत होतं. काही झाडांना लाड सोसत नाहीत. माणसांचंही तसंच असतं म्हणतात. मला मात्र लाड चांगले सोसले असते, कुणी केले असते तर.

पत्र आलं ते चैत्रात, कांदा काढायला लागलो तेव्हा. माझ्या नावानं. मी ते शेतातच उघडलं, मातीच्या हातांनी. हे धड होते; टपालच कुठंतरी अडकून पडलं होतं. त्यांनी लिहिलं होतं की माझं कांद्याचं पत्र त्यांनी चुलीपाशी बसून सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. इतके हसले सगळे, की काय झालं म्हणून सुभेदार बघायला आले. मग त्यांच्यासाठी पुन्हा वाचलं. पाळकसाहेबांच्या प्रार्थनेपाशी सुभेदारांना बसावं लागलं. खाली लिहिलं होतं, "फुलाचं पत्र असतं तर मी एकट्यानं वाचून खिशात ठेवलं असतं. आता सगळे विचारतात, वहिनींचा कांदा कुठवर आला? तेवढं लिही."

मी मातीत बसले आणि रडले. मामा घाबरून आले, त्यांनी पहिल्यांदाच माझ्या हातातलं पत्र न विचारता घेतलं, वाचलं, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मास्तरांना हसताना त्या रानानं पहिल्यांदा बघितलं असेल.

मग काय, मी कांदाच लिहीत गेले. पांढरे सात कांदे निघाले, केवढे केवढे, कुठला वाकडा, ते सगळं. कांद्यावरून घरावर आले, घरावरून माझ्यावर. त्यांनी लिहिलं, ते डोंगर कसे दिसतात. मी लिहिलं, मला अंधारात एकटीला विहिरीवर जायची भीती वाटते. त्यांनी लिहिलं, त्यांनाही वाटते. फुलाचं मात्र एक अक्षर लिहिलं नाही. उन्हाळ्यात मी आणि आत्याबाईंनी त्या पाच झुपक्यांवर तुराट्यांची सावली केली, रोज संध्याकाळी ओंजळभर पाणी, त्याहून थेंब जास्त नाही. दोन वाळले. तीन राहिले. लढाई संपल्याचं मामांनी चावडीवरून येऊन सांगितलं तेव्हा मी बांधावरच होते. पावसाळ्यात बांधावरचं पाणी उताराला लागून निघून जायचं, झुपके हसत बसायचे. पुढची थंडी आली, आणि माघात एका सकाळी तिन्ही झुपके गुलाबी झाले. पाच पाकळ्या. कातरलेल्या कडा. लवंग.

आज बांधावर जे आहे ते त्यांचंच बी. झाड मरत नाही असं ती म्हातारी म्हणाली होती, ते तिच्या बर्फात. आमच्या वैशाखात चार-पाच वर्षांनी म्हातारं होऊन मरतंच. मग बी धरायचं आणि मार्गशीर्षात पुन्हा मुरमात टाकायचं. हे होते तोवर ते टाकायचे, आता मी टाकते. दोन बाटल्या आहेत माझ्याकडे, एकीवर फूल लिहिलंय, दुसरीवर कांदा. कारण कांद्याचंही बी आम्ही सोडलं नाही. पंचक्रोशीत त्याला इटलीचा कांदा म्हणतात आणि मागून नेतात. तो नेवाश्याचा आहे, असं मी पन्नास वर्षं सांगतेय. कुणी ऐकत नाही.

तर त्या माघातली दुपार. लाल कांद्याच्या वाफ्यात बायका खुरपत होत्या, आत्याबाई त्यांच्यात. मी विहिरीवर घागर भरत होते. सडकेकडून एक खाकीतला माणूस आला, डोक्यावर ट्रंक. ती त्यानं खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि पाणी मागितलं. लढाईवरून परतणारी माणसं तेव्हा बरीच दिसायची. मी म्हटलं, बसा, मास्तर घरात आहेत. तो बसला नाही. नुसता ओणवा झाला आणि ओंजळ पुढे केली. मी पाणी ओतायला वाकले तर मानेवर, उजवीकडे, तीळ.

घागर माझ्या हातातून सुटली नाही एवढंच. पाणी मात्र सगळं त्यांच्या बाहीत गेलं. ते खालमानेनंच म्हणाले, "कांदा कुठाय?"

मी घागर खाली ठेवली. मी पुढं झाले आणि चालायला लागले, ते मागून. वाफ्यातल्या बायकांच्या डोळ्यांदेखत मी नवऱ्याला हाताशी धरल्यासारखी बांधाच्या उत्तरेला घेऊन गेले, आणि उभी राहिले. ते इकडेतिकडे बघत होते. "काय दाखवतीस?" म्हणाले. मी बोट केलं. मग त्यांना दिसलं.

ते हसले नाहीत. त्यांनी टोपी काढली, गुडघे टेकले, आणि मग सरळ पालथे पडले, कोपरांवर, हनुवटी मुरमाला टेकवून. कितीतरी वेळ तसेच. त्या डोंगरात त्यांना दिवसच्या दिवस असं पडून राहावं लागलं होतं, आणि तेव्हा डोळ्यांसमोर दुसरं काही नसायचं, दगडातली ती फुलं असायची. हे त्यांनी मला पुढे सांगितलं. तेव्हा फक्त एवढंच म्हणाले, "उभ्यानं न्हाई दिसत हे. असं बघायचं." आणि शेजारच्या जमिनीवर हात थोपटला.

मी वाफ्याकडे बघितलं. बायकांची खुरपी थांबली होती. आत्याबाई उभ्या राहिल्या होत्या. घराकडून मामा धोतर सावरत पळत येत होते, ते मधेच थांबले, आणि दुसरीकडे तोंड करून एकाएकी विहिरीचं निरीक्षण करायला लागले. भरदिवसा, सासूसासऱ्यांदेखत, नऊवारी नेसलेली सून बांधावर पालथी पडते, असं आमच्या गावात तोवर घडलं नव्हतं. आत्याबाईंनी बायकांना फटकारलं, "कांद्याकडं बघा, कांद्याकडं."

मी पदर खोचला आणि पडले त्यांच्या शेजारी. मुरूम कोपरांना टोचत होता, गार होता. लवंगेचा वास आला. फूल पुढ्यात होतं, नाकाला लागेल इतकं. मी मान थोडी वळवली. वीतभर अंतरावर त्यांचा चेहरा होता, माझ्याकडे वळलेला. कपाळ, नाक, उजव्या भुवईत एक जुना व्रण, खालचा ओठ थंडीनं फुटलेला. मी सगळं एका वेळी बघितलं आणि काहीच पुसलं गेलं नाही.

फूल मी दुसऱ्या दिवशी बघितलं.